पाठविलेला पैसा कुणाचा?

डिसेंबर उजाडला की आमच्या धर्मग्रामाच्या कचेरीत परदेशी राहणाऱ्या माणसांची ये-जा सुरू होते. कुणी कुवेतहून आलेला असतो, कुणी दुबईहून, कुणी बोटीवरून उतरून सुट्टीवर. अलीकडे कॅनडा आणि न्यूझीलंडहून येणारी तरुण जोडपीही दिसतात. बाप्तिस्म्याचा दाखला किंवा मिस्साची वेळ हे निमित्त असते. ते काम उरकले तरी माणूस उठत नाही. मग हळूच विषय निघतो, "फादर, घरी पैसे पाठवतो ना, त्याबद्दल जरा विचारायचं होतं."

पुढचा प्रश्न प्रत्येकाचा निराळा. पैसे आईच्या खात्यात टाकावेत की स्वतःच्या? हिशोब मागितला तर भाऊ दुखावतो, काय करावे? बँकेपेक्षा हुंडीवाला चांगला दर देतो. त्याच्याकडून पाठविले तर ते पाप होईल काय? वरकरणी हे प्रश्न बँकेच्या व्यवस्थापकाला विचारावयाचे. परंतु विचारणारा धर्मगुरूकडे येतो, यावरून त्याच्या मनातील टोचणी निराळी आहे हे उघड होते. या सर्व प्रश्नांच्या तळाशी एकच प्रश्न आहे असे आम्हांला वाटते. एका देशात मिळविलेला आणि दुसऱ्या देशात खर्च झालेला पैसा नेमका कुणाचा? या प्रश्नाचे उत्तर आम्ही एकदा फार घाईने देऊन बसलो होतो. त्याची ही कैफियत.

ते २००१ साल होते. आम्हांला गुरुदीक्षा मिळून तीनचार वर्षेच झाली होती आणि याच धर्मग्रामात आम्ही सहाय्यक धर्मगुरू होतो. वेल्डिंगचे काम जाणणारे एक गृहस्थ नोकरीसाठी कुवेतला निघाले होते. घरी म्हातारे आईवडील, लग्नाची बहीण आणि धाकटा भाऊ. निघण्याच्या आदल्या संध्याकाळी ते आशीर्वाद घ्यावयास आले आणि जाता जाता म्हणाले, "पैसे धाकट्याच्या खात्यावर पाठवीन म्हणतो. पण काही लिहून ठेवावं का, फादर? किती आले, कशाला गेले?" आम्ही हसून उत्तरलो, "भावाभावांत कसला आलाय कागद? विश्वास ठेवा." त्यांना बरे वाटले आणि आम्हांलाही. ते वाक्य आम्हांला इतके आवडले की पुढे एका प्रवचनातही आम्ही ते वापरले.

त्यानंतर आमच्या बदल्या होत गेल्या. १८ वर्षांनी, २०१९ साली, आम्ही प्रमुख धर्मगुरू म्हणून याच ठिकाणी परतलो आणि त्याच वर्षी ते गृहस्थही कायमचे परतले. गुडघे झिजलेले, केस पांढरे झालेले. महिन्याभरात दोघे भाऊ कचेरीत आले. बाकावर दोघांच्या मध्ये तिसरा माणूस सहज बसला असता एवढी जागा ठेवून बसले. थोरल्याने विचारले होते, "उरले किती?" धाकट्याने उत्तर दिले होते, "दादा, तू मला चोर समजतोस?" त्यापुढे दोघांचे बोलणे खुंटले होते. आमचे ते जुने वाक्य दोघांनाही आठवत होते. त्यांनी ते आम्हांला बोलून दाखविले नाही, हा त्यांचा मोठेपणा.

या भांडणात मध्यस्थी करावयाची तर पैसा प्रवास कसा करतो हे आधी समजून घेणे भाग होते. सेमिनरीत तत्त्वज्ञान आणि ईश्वरविज्ञान शिकण्यात आमची अनेक वर्षे गेली, पण बँकेची खतावणी आम्ही कधी उघडून पाहिली नव्हती. धर्मग्रामातील एका निवृत्त बँक अधिकाऱ्यांनी आमची शिकवणी घेतली. ते म्हणाले, "फादर, पैसा कुठेच जात नाही. जातो तो निरोप." कुवेतमधील कामगार एक्स्चेंज हाऊसच्या खिडकीवर दिनार मोजतो. त्या पेढीचे रुपयांतील खाते मुंबईच्या बँकेत असते. पेढी निरोप धाडते. मुंबईची बँक त्या खात्यातून रक्कम उचलून घरच्या माणसाच्या खात्यात जमा करते. जगातील बँकांचे असे निरोप वाहून नेण्यासाठी १९७३ साली बेल्जियममध्ये 'स्विफ्ट' ही संस्था स्थापन झाली. तिच्या मार्गाने फक्त संदेश जातात. दिनार कुवेतमध्येच राहतो आणि रुपया भारतातच असतो.

मग त्यांनी आम्हांला एक शब्द सांगितला आणि आम्ही चमकलो. पेढीचे मुंबईत असलेले ते खाते पेढीच्या वहीत 'नोस्ट्रो' म्हणून लिहिले जाते आणि मुंबईच्या बँकेच्या वहीत तेच खाते 'व्होस्ट्रो' असते. हे इटालियन शब्द आहेत. पहिल्याचा अर्थ 'आमचे', दुसऱ्याचा 'तुमचे'. प्रभूच्या प्रार्थनेचे लॅटिन नाव 'पातेर नोस्तेर'. त्यातील 'नोस्तेर' हा त्याच कुळातील शब्द. एकच रक्कम, एका वहीत आमची, दुसऱ्या वहीत तुमची, आणि दोन्ही नोंदी खऱ्या! हे कसे जमते असे आम्ही विचारले. "कारण दोन्ही वह्या लिहिलेल्या असतात," ते म्हणाले, "आणि ठरावीक मुदतीने त्या एकमेकींशी ताडून पाहिल्या जातात."

आम्ही त्या दोघा भावांचा विचार करू लागलो. थोरल्याच्या मनातील वहीत तो पैसा 'माझा, धाकट्याकडे ठेवलेला' असा लिहिलेला होता. धाकट्याच्या मनातील वहीत तोच पैसा 'घराचा' होता. दोघेही खोटे बोलत नव्हते. पण दोन्ही वह्या मनातच राहिल्या आणि १८ वर्षांत एकदाही ताडून पाहिल्या गेल्या नाहीत. ताडून पाहण्याची गरज नाही, असे सांगणारे आम्हीच होतो.

आता वाटेतील खर्चाकडे वळू. जागतिक बँकेच्या अंदाजानुसार २०२३ साली परदेशस्थ भारतीयांनी मायदेशी सुमारे १२० अब्ज डॉलर पाठविले. जगात कोणत्याही देशाला याहून अधिक रक्कम आली नाही. त्याच बँकेची आकडेवारी असे सांगते की २०० डॉलर एका देशातून दुसऱ्या देशात पाठविण्यास जगभराची सरासरी पाहता सहा टक्क्यांहून अधिक खर्च येतो. हा खर्च २०३० सालापर्यंत तीन टक्क्यांच्या आत आणावा, असे उद्दिष्ट संयुक्त राष्ट्रसंघाने २०१५ साली ठरविले. यातला काही भाग शुल्क म्हणून उघड दिसतो. उरलेला विनिमय दरात दडलेला असतो. बाजारातील दर एक, पाठविणाऱ्याला दिलेला दर दुसरा. मधला फरक पेढीचा. 'शुल्क माफ' अशी पाटी लावणारा धर्मादाय करीत नाही, हे आमच्या लोकांनी ओळखावे.

अशी वटणावळ घेणे अनीतीचे आहे काय? हा प्रश्न ख्रिस्तसभेला नवा नाही. एका शहरात नाणे देऊन दुसऱ्या शहरात दुसरे नाणे घेण्याच्या व्यवहारावर डॉमिनिकन संघाचे थोर पंडित कायेतान यांनी १४९९ साली एक प्रबंध लिहिला. खरोखर पैसा एका स्थळाहून दुसऱ्या स्थळी पोहोचविला जात असेल, तर त्या सेवेचा योग्य मोबदला घेण्यास शास्त्रपंडितांची हरकत नव्हती. हरकत होती ती ढोंगाला. व्याजाने कर्ज द्यावयाचे आणि कागदोपत्री तो विनिमय असल्याचे भासवावयाचे, अशा 'कोरड्या' विनिमयाला पोप पाचवे पायस यांनी १५७१ साली बंदी घातली. त्या पंडितांची कसोटी आजही उपयोगी पडते असे आम्हांला वाटते. श्रमाचे मोल घ्यावे, पण ते उघड सांगून घ्यावे.

याच कसोटीवर हुंडी तपासून पाहावी. एके काळी हुंडी हे आपल्या व्यापाऱ्यांचे प्रामाणिक साधन होते आणि पेढीच्या शब्दावर मोठमोठ्या रकमा पोहोचत असत. पण आखातातून चोरवाटेने येणाऱ्या हुंडीची गोष्ट निराळी आहे. कामगाराने तिकडे दिलेला दिनार तिकडेच राहतो आणि इकडे त्याच्या घरी कुणी अनोळखी माणूस रुपये आणून देतो. हे रुपये कुणाचे? पुष्कळदा ते कर चुकविणाऱ्याचे किंवा चोरटे सोने आणणाऱ्याचे असतात. त्याला आपले काळे धन देशाबाहेर हवे असते. म्हणजे आपला घाम त्याच्या चोरीवर पांघरूण घालतो आणि त्याचे बक्षीस म्हणून आपल्याला थोडा चढा दर मिळतो. १९७३ च्या परकीय चलन नियमन कायद्याच्या जागी १९९९ चा परकीय चलन व्यवस्थापन कायदा आला आणि तो १ जून २००० पासून अमलात आहे. या कायद्यानेही हा मार्ग निषिद्ध ठरविला असून दंड रकमेच्या तिपटीपर्यंत होऊ शकतो. आमच्या थोरल्या भावाने मधली काही वर्षे हाच मार्ग धरला होता. पुढे हिशोबाला बसलो तेव्हा सर्वांत मोठे भगदाड नेमके त्या वर्षांत निघाले. पोचपावती नाही, पासबुकात नोंद नाही, आणि सांगावयास उरली ती दोघांची आठवण.

परदेशी अडकलेल्या पैशाची एक जुनी कथा आपल्या बायबलमध्ये आहे. तोबिताचा ग्रंथ आपण ऐकतो तो बहुधा विवाहाच्या मिस्सात, त्यामुळे ती एका पैशाचीही कथा आहे हे सहसा ध्यानात येत नाही. निनवे नगरात परागंदा होऊन राहिलेल्या तोबिताने मेदिया देशातील गबाएल नावाच्या गृहस्थाकडे दहा तालांत चांदी ठेवली होती. पुढे राजा बदलला, मेदियाचे रस्ते धोक्याचे झाले आणि पैसा तिकडेच राहिला. २० वर्षांनी आंधळ्या आणि कंगाल तोबिताला त्याची आठवण झाली. त्या वेळी त्याच्या हाती काय होते? एका दस्तऐवजाचा अर्धा भाग. ठेव ठेवताना त्या दोघांनी कागद दुभागून अर्धा अर्धा घेतला होता. मुलगा तोबिया वाटाड्याला घेऊन निघाला. वाटाड्याची रोजची मजुरी निघण्यापूर्वीच ठरली होती, एक द्राख्मा आणि वाटखर्च. गबाएलने थैल्या मोजून दिल्या तेव्हा त्यांच्यावरील मोहरा शाबूत होत्या. तो वाटाड्या म्हणजे देवदूत राफाएल होता, हे मागाहून कळले.

पाहा, या कथेत तोबित आणि गबाएल दोघेही देवभीरू होते आणि वाटाड्या तर साक्षात देवदूत होता. तरीही कागद झाला, मोहरा लागल्या आणि मजुरी आधी ठरली. त्या कागदामुळे विश्वास उणा झाला नाही. २० वर्षे तो टिकून राहिला, याला त्या कागदाचाही हातभार होता. आमच्या २००१ सालच्या वाक्यात जे चुकले होते ते आम्हांला येथे दिसले. लिहून ठेवणे म्हणजे अविश्वास, असे आम्ही गृहीत धरले होते.

त्याच कथेत एक बाई आहे, मुलाची आई अन्ना. मुलगा निघताच ती रडू लागते आणि नवऱ्याला बोल लावते. पैशावर पैसा रचण्यासाठी एकुलत्या एका मुलाला का धाडलेस, आहे त्यात आपले भागत नव्हते काय, असा तिचा आशय आहे. आमच्या धर्मग्रामातील कितीतरी घरांत ही अन्ना आम्ही पाहिली आहे. मुलगा दर महिन्याला न चुकता पैसे पाठवितो. तिला हवा असतो तो मुलगा.

दुसरे उदाहरण संत पौलाचे. येरुशलेममधील गरीब बंधुभगिनींसाठी त्याने मासेदोनिया आणि अखया प्रांतांतील मंडळ्यांकडून निधी गोळा केला. एका देशातील घामाचा पैसा समुद्रापलीकडच्या दुसऱ्या देशात पोहोचवावयाचा होता. पौलाच्या शब्दावर कुणीही विश्वास ठेवला असता. तरी त्याने रक्कम एकट्याने नेण्याचे टाळले. मंडळ्यांनी निवडलेली माणसे बरोबर घेतली. आपल्यावर कुणी बोट ठेवू नये आणि आपला व्यवहार देवापुढे तसाच माणसांपुढेही चोख दिसावा, अशी त्याची भूमिका करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात आहे. रोमकरांस लिहिताना तो आणखी एक गोष्ट सांगतो. हा पैसा म्हणजे नुसती भीक नव्हे. येरुशलेमकडून या मंडळ्यांना आध्यात्मिक धन मिळाले आहे, म्हणून त्या येरुशलेमच्या ऋणी आहेत.

ही 'ऋणा'ची गोष्ट आमच्या मनात घोळत राहिली. सेमिनरीत आमचे प्राध्यापक म्हणत, वाद अडला की आधी भेद करा. तसा भेद आम्ही करून पाहिला. घरी पाठविलेला पैसा तीन प्रकारचा असू शकतो. तो दान असेल, तर हातातून सुटताक्षणी तो घेणाऱ्याचा झाला आणि त्याचा हिशोब मागण्याचा अधिकार देणाऱ्याला उरला नाही. तो ठेव असेल, तर तो देणाऱ्याचाच आहे. घेणाऱ्याने न मागता त्याचा हिशोब द्यावा. तो ऋणफेड असेल, तर तो मुळातच घेणाऱ्याचा होता आणि त्याबद्दल उपकाराची भाषा करू नये. नोटेवर यांपैकी काहीच छापलेले नसते. बरोबर धाडलेल्या शब्दानेच ते ठरते. पैसा निरोपाने जातो हे खरे असेल, तर निरोप अर्धाच पाठविल्याने आमच्या लोकांची घरे मोडतात, असे म्हणावे लागेल.

दोघा भावांना घेऊन आम्ही तीन संध्याकाळी बसलो. पासबुके, जुन्या ड्राफ्टच्या झेरॉक्स, इस्पितळाची बिले, बहिणीच्या लग्नाची यादी टेबलावर आली. प्रत्येक रकमेपुढे आम्ही तीनांपैकी एक शब्द लिहावयास सांगितले. बहिणीच्या लग्नाचे पैसे दान ठरले. त्यावर वाद झाला नाही. घराच्या बांधकामाचे पैसे ठेव ठरले आणि त्यातील काही रक्कम धाकट्याच्या मुलांच्या फीसाठी गेल्याचे त्याने खाली मान घालून कबूल केले. मग वडिलांच्या आजारपणाची पाळी आली. त्यांची शेवटची चार वर्षे डायलिसिसवर गेली होती, आठवड्यातून दोनदा. बिले थोरल्याच्या पैशातून भरलेली होती. थोरला म्हणाला, "हे लिहा, माझ्याकडून." धाकटा प्रथमच आवाज चढवून बोलला, "लिही ना. पण पहाटे चारला त्यांना उचलून रिक्षात कोण घालत होतं, ते कुठल्या रकान्यात लिहायचं?"

कचेरीत बराच वेळ कुणी बोलले नाही. आम्हांलाही उत्तर सुचले नाही. त्या चार वर्षांत धाकट्याने कारखान्यातील नोकरी सोडली होती, हे थोरल्याला ठाऊक होते. पण ती त्याने कशासाठी सोडली हे त्याने कधी विचारले नव्हते आणि धाकट्याने सांगितले नव्हते. दूर गेलेला भाऊ पैसे पाठवीत होता हे सर्वांना दिसत होते. घरी राहिलेला भाऊही थोरल्याच्या वाट्याची सेवा रोज त्याच्या नावावर जमा करीत होता आणि त्याची पावती कोणत्याही बँकेने दिली नव्हती. शेवटी थोरल्याने स्वतःच्या हाताने त्या रकमांपुढे 'ऋणफेड' असा शब्द लिहिला.

हिशोब पूर्ण जुळला, असे आम्ही म्हणणार नाही. हुंडीच्या वर्षांतले भगदाड तसेच राहिले आणि फीच्या रकमेचे हप्ते धाकटा अजून फेडतो आहे. घराच्या मधोमध भिंत आली. रविवारी दोघे निरनिराळ्या बाकांवर बसतात. मात्र गेल्या वर्षी आईच्या वर्षश्राद्धाच्या मिस्सासाठी पाकीट आले, त्यावर दोघांची नावे होती आणि अक्षर थोरल्याचे होते.

आज कुणी परदेशी निघताना आमच्याकडे आला की आम्ही आशीर्वादाबरोबर थोडा व्यवहारही सांगतो. येथील जुने बचत खाते तसेच चालू ठेवू नये. कायद्याप्रमाणे ते एनआरओ खात्यात बदलून घ्यावे. तेथील कमाईसाठी स्वतःच्या नावाचे एनआरई खाते उघडावे. त्यातील रक्कम आणि व्याज पुन्हा परदेशी नेण्यास मोकळीक असते आणि परदेशवासी असेपर्यंत त्या व्याजावर भारतात आयकर नाही. घरच्या विश्वासू माणसाला त्या खात्यावर अधिकारपत्र द्यावे. अधिकारपत्र असलेला माणूस घरखर्चासाठी पैसे काढू शकतो, येथील देणी देऊ शकतो; पण खातेदाराच्या वतीने कुणाला देणगी देऊ शकत नाही. हा नियम बँकेसाठी केलेला असला तरी त्यात एक नीती आहे. दान देणे हे ज्याचे त्यानेच करावयाचे असते. दुसऱ्याच्या ठेवीतून ते परस्पर करता येत नाही.

त्यानंतर आम्ही एक साधी वही त्याच्या हाती देतो आणि तशीच दुसरी घरी राहणाऱ्याच्या हाती. पाठविणाऱ्याने रक्कम आणि तिच्यापुढे दान, ठेव की ऋणफेड ते लिहावे. राहणाऱ्याने खर्च लिहावा. घरात कोण आजारी होते, रात्र कुणी जागविली, हेही लिहावे. वर्षातून एकदा, नाताळात दोघे एका छपराखाली असतील तेव्हा, दोन्ही वह्या एकमेकींशेजारी ठेवून वाचाव्यात. यंदा अशा सात वह्या आम्ही दिल्या. एकाने हसत विचारले, "फादर, भावाभावांत कसला कागद?" आम्ही त्याला आमची जुनी चूक सांगितली आणि वही त्याच्या हातात ठेवली.